आत्या, पोरी रेल्वेनंच गेल्या

आत्या, आमच्या घराला सावड नव्हती. तुला हे माहीत होतं, पण आपण त्यावर कधी नीट बोललो नाही. म्हणून तिथूनच सुरू करते.

लावणीच्या दिवसांत गावात सावड चालायची. आज तुमच्या भातखाचरात आमची माणसं, उद्या आमच्या खाचरात तुमची. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, दिवसाला दिवस फेडायचा. आमच्याकडं खाचरच नव्हतं, तर कुणी आमचा दिवस फेडणार कुठं? त्यामुळं बौद्धवस्तीतल्या आमच्यासारख्या घरांतल्या बाया सावडीत नसायच्या, मजुरीला असायच्या. आई सकाळी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन निघायची. परत यायची तेव्हा तिच्या पायांची बोटं पांढरीफटक, फुगलेली, मधल्या बेचक्या चिरलेल्या. चुलीपुढं बसून ती त्यात हळद-तेल भरायची आणि मी शेजारी बसून गणितं सोडवायचे. लावणी संपली की काम संपायचं. पुढं कापणीपर्यंत आमच्या घरातलं कालवण रोज थोडं पातळ होत जायचं. आई म्हणायची, पावसाळ्यात पातळच चांगलं लागतं. बरीच वर्षं मला ते खरं वाटत होतं.

त्या घरातून मी बी.कॉम. झाले. वस्तीतली पहिली. भूगावात एका बिल्डरच्या साइट ऑफिसात खुर्चीवर बसून काम करते आणि हे मी ताठ मानेनं सांगते. तू त्याचीच चेष्टा करायचीस. मी संध्याकाळी एसटीतून उतरून तशीच शाळेमागच्या मैदानावर आले की तू कंपाउंडच्या कट्ट्यावरून ओरडायचीस, "आल्या आमच्या ग्रॅज्वेट मॅडम. उठा गं पोरींनो, हजेरी द्या."

कॉलेजात कबड्डी खेळले होते, तेवढ्या शिदोरीवर मी बारा पोरींचा संघ बांधला. तुझी भाची ऋतुजा त्यातली सगळ्यात चपळ. तिची आई दिवसभर कंपनीच्या कँटीनला, म्हणून तिला आणायला-न्यायला तू. ऐन तरुणपणी तू सासरहून माघारी आलीस आणि भावाच्या घरी राहिलीस, ती हौसाबाईची अख्ख्या गावाची आत्या होऊन. कबड्डीचा एकही नियम तुला येत नव्हता. तरी "तिचा पाय धर, पाय, हात कशाला धरतीस" हे तू इतक्या वेळा ओरडलीस की शेवटी तेच बरोबर निघालं.

मागच्या वर्षी आपण फसलो. फसले मीच, पण तू "आपण" म्हणायचीस. बाहेरगावच्या स्पर्धेला न्यायची जबाबदारी एका पुढाऱ्यानं घेतली होती. गाडी मी पाठवतो, जेवण माझ्याकडं, कपडे माझ्याकडं. मी त्याला सुंदर अर्ज लिहिला होता, त्याचं मला कोण कौतुक. ठरल्या सकाळी पोरी पिशव्या घेऊन फाट्यावर उभ्या राहिल्या. नऊ वाजले, अकरा वाजले. फोन लागेना. दुपारी पोरी पिशव्या घेऊन घरी गेल्या. आया म्हणाल्या, जाऊ द्या, नशिबात नव्हतं. बाप म्हणाले, तरी वाटलंच होतं. आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला.

मी रागानं पेटले होते. तू कट्ट्यावर शेंगा सोलत होतीस. म्हणालीस, "सुजाता, तू सोडून कुनाला राग आला का बग. न्हाई आला. कुनाचं काय गेलंच न्हाई, तर राग कशाचा यील?"

यंदाच्या उन्हाळ्यात हरियाणातून बोलावणं आलं. दिवाळीनंतरची स्पर्धा, दीड दिवसाचा रेल्वेप्रवास. मी शाळेच्या वर्गात पालकांची सभा बोलावली. बारा घरांतून सहा माणसं आली, त्यातली दोन चहा होईपर्यंत थांबली. बाळासाहेब मात्र आले. त्यांची मुलगी आपली कॅप्टन. नांदे गावाकडची त्यांची जमीन बिल्डरला गेल्यापासून गावात त्यांच्याइतकी मोठी गाडी कुणाची नाही. पण माणूस वाईट नाही, हे तूही म्हणायचीस. ते उठले आणि म्हणाले, वर्गणी-बिर्गणी कशाला, बाराच्या बारा पोरींना मी विमानानं नेतो. जाऊन-येऊन. माझं नाव टी-शर्टावर टाका नाहीतर नका टाकू.

आत्या, मी विमानात कधी बसले नाही. ऑफिसच्या खिडकीतून लोहगावकडं उतरणारी विमानं दिसतात, मी दिवसातून एकदा तरी मान वर करतेच. माझ्या तोंडावर आनंद फुटला होता. तो तुला दिसला आणि तरी तू उभी राहिलीस.

"न्हाई," म्हणालीस. "बाळासाहेब, तुमच्या पोरीला इमानानं न्या, हेलिकॉप्टरनं न्या. बाकीच्या अकराजनी त्यांच्या आईबापांनी पाठवल्या तर जातील."

मागून कुणीतरी बोललं, तुला काय जातंय बोलायला, तुला ना पोर ना बाळ. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "व्हय. म्हनून तर मला येळ हाय. उद्यापासनं मी रोज तुमच्या दारात यनार."

आणि आलीस. मी ऑफिसात असायचे, तू दारोदार. रोख पैसे कुणाकडं नव्हते, होते त्यांना द्यायचे नव्हते. तू मागितलेच नाहीस. तू दिवस मागितलेस. लावणीला माणूस मिळत नाही, मजुरी चढलीय, शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांनासुद्धा आपल्या तुकड्यात इंद्रायणी भात लावायचा सोस आहे. मग बारा घरांतून एकेक माणूस काढायचं, एक टोळी करायची, जिथं बोलावतील तिथं लावणी करायची आणि मजुरी संघाची. मला आधी हसू आलं, ऑफिसातलं डोकं माझं. मग मी रजिस्टर आणलं आणि टोळीला नाव काय द्यायचं विचारलं. तू म्हणालीस, "नाव काय करायचंय? सावड म्हना."

तिथंच घोळ झाला.

टोळी जमली. गावातल्या जमीनवाल्या घरच्या बाया, वस्तीतल्या आम्ही, नांद्याहून माहेरी आलेली एक बाळंतीणसुद्धा, बाळाला बांधावर झोपवून. माझी आई होतीच. रविवारी मीही उतरायचे. पहिला दिवस एका पोरीच्या घरच्या खाचरात, दुसरा दुसरीच्या, तिसरा तिसरीच्या. रोपांच्या मुठी फेकल्या जात होत्या, गाणी चालली होती, जेवायला घरधनी पिठलं-भाकरी आणत होता. तू बांधावर आईच्या शेजारी बसून तिच्या भाकरीचा तुकडा मोडून घेतलास. आईनं आधी हात मागं घेतला होता. मी पाहिलं. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला, की यात आवडण्यासारखं काय आहे.

आठवडा संपला तेव्हा मी पैसे जमा करायला बसले. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. एक काकी म्हणाल्या, "सावडीचं कुनी पैशे घेतं व्हय?"

सवय, आत्या. सगळ्यांच्या अंगातली सवय. नाव सावड म्हटल्यावर पाय आपोआप एकमेकांच्या खाचराकडं वळले, आणि आपल्या खाचरात माणसं येऊन गेल्यावर पैसे द्यायचे असतात हे जमीनवाल्यांच्या मनालासुद्धा शिवलं नाही. तुझ्याही नाही. त्यांची लावणी झाली, संघाला काहीच मिळालं नाही, आणि वस्तीतल्या बाया मात्र आठवडाभर फुकट राबल्या. त्या दिवसांत त्यांना दुसरीकडं मजुरी मिळाली असती.

मी तुला खाचरात उभी असतानाच गाठलं. सगळ्यांसमोर ओरडले. माझी आई आयुष्यभर तुमच्या चिखलात उभी राहिली, निदान मजुरी तरी मिळत होती, आता तीही नाही, संघाच्या नावाखाली पुन्हा तेच. तुझ्या हातात रोपांची मूठ होती. ती तू खाली ठेवलीस. मला वाटलं, आता तू मला माझी जागा दाखवणार.

"चुकलं," म्हणालीस. एवढंच.

मग पाय धुतलेस आणि तशीच एकेका जमीनवाल्या दारात गेलीस. तुमच्यावर दिवस चढलेत, म्हणालीस. सावडीचा दिवस फेडावा लागतो. वस्तीतल्या घरांना खाचर नाही, म्हणून तुम्ही बंगलेवाल्यांच्या तुकड्यावर मजुरीनं जाऊन फेडा, ती मजुरी संघाची.

आपल्या भागात याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्याला कळणार नाही. जमीनवाल्या घरची बाई सावडीला जाते, मजुरीला जात नाही. काम तेच, चिखल तोच, वाकणं तेच. पण मजुरी म्हटलं की घराचं नाक जातं. तुझ्या भावानं तुला दारातच सांगितलं, घरात राहायचं असेल तर हे चाळे बंद कर. कुणी म्हणालं सून बाळंत आहे, कुणाची कंबर दुखायला लागली. बाळासाहेबांचा पुन्हा निरोप आला, बायकोला मजुरीला पाठवण्यापेक्षा मी दोन विमानं करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू एकटी निघालीस. तुझ्या मागं माझी आई, आणि रविवार होता म्हणून मी. कुठं जातोय ते तू सांगितलं नव्हतंस. रस्त्याखालच्या त्या तुकड्याशी वळलीस तेव्हा माझा पाय अडखळला. तो तुमचाच तुकडा. चार वर्षांपूर्वी तुझ्या भावानं पुण्याच्या साहेबांना विकलेला. त्या कागदांवर तुझीही सही घेतली होती, हक्क सोडल्याची. मी एकदा तुला विचारलं होतं, सही करताना काय वाटलं गं. तू म्हणाली होतीस, "काय वाटायचं, पेन चालत नव्हतं."

साहेब भला माणूस होता. गुडघ्यापर्यंत गमबूट घालून मोबाइलवर आमचे फोटो काढत होता. तू खाचरात उतरलीस, दोन पावलं चाललीस आणि त्याला म्हणालीस, "हितं खालच्या अंगाला बांध फुटतोय दर साली. पानी ठरत न्हाई. आदी त्यो कोपरा लिंपून घ्या, मग लावू." त्यानं विचारलं, मावशी, तुम्हाला कसं कळलं? तू वाकलेलीच होतीस. "ठाव हाय," म्हणालीस.

गावानं रस्त्यावरून पाहिलं. हौसाबाई स्वतःच्या विकलेल्या रानात मजुरीनं लावणी करते आहे. दुपारपर्यंत दोन काक्या आल्या. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी बाळासाहेबांच्या मालकीणबाई आल्या, नवऱ्याला न सांगता, हातात नवेकोरे रबरी मोजे घालून. तू त्यांना म्हणालीस, "वहिनी, मोजे काडा, रोपाला गुदगुल्या व्हतात." त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की त्यांची लेक कॅप्टन कुणावर गेलीय ते मला समजलं.

लावणी संपली तेव्हा रेल्वेपुरतं जमलं होतं. जाण्याचं, येण्याचं, खाण्याचं. बारा घरांचे दिवस भरले होते. इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मी थांबले नाही. गणपतीनंतर बाळासाहेब मला भूगावच्या ऑफिसात भेटायला आले. म्हणाले, मॅडम, तुमचं जमलेलं आहे त्यात मी भर घालतो, पोरी विमानानं जाऊ द्या. दीड दिवस रेल्वेत बसून पाय आखडणार, मग खेळणार कशा? बोलणं खोटं नव्हतं. मी हो म्हणाले. तुला विचारलं नाही.

तुला ऋतुजाकडून कळलं. तू मैदानावर आलीस आणि कट्ट्यावर बसली नाहीस. म्हणालीस, भर घातली की सगळं त्याचंच होतं, सुजाता. लोकं लक्षात ठेवतील ते इमान. तुज्या आईचा चिखुल कोन लक्षात ठेवंल?

मी म्हणाले, तुला पोरींच्या पायांची पर्वा नाही, तुला तुझा हेका चालवायचाय. तू म्हणालीस, मी पोरींसाठीच बोलतीय. आणि मग मी ते बोलले. तुझ्या डोळ्यांत बघून, शुद्ध मराठीत, एकेक शब्द तोडून.

"पण तुझी पोर कुठंय त्यात?"

त्या सभेत मागून जो बोलला होता त्याला मी मनात किती शिव्या घातल्या होत्या. आणि मी तेच बोलले, बी.कॉम. होऊन. तू ऋतुजाला हाक मारलीस आणि तिचा हात धरून गेलीस. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पालकांचं संमतीपत्र पाठवलंस, घडी घातलेलं. मी ते न उघडता फायलीत टाकलं. आठ दिवस तू कट्ट्यावर आली नाहीस. मी ठरवत होते, उद्या जाते, परवा जाते. रविवारी सुट्टी आहे, रविवारी जाते.

गुरुवारी तू परसात पडलीस. पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेव्हापासून मी एका जागी बसत नाही, आत्या. ऑफिसात चारदा उठून पाणी प्यायले. मैदानावर पोरींना विनाकारण पळवलं. रजिस्टर उघडलं, मिटलं. लोक म्हणतात, किती चांगली होती हौसाबाई. मला ओरडावंसं वाटतं, चांगली नव्हती, हट्टी होती, आणि मला तिच्याशी भांडायचंय अजून.

तुझ्या दहाव्याला नदीवर अख्खी टोळी आली होती. कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे. बाळासाहेब हळूच माझ्याजवळ आले, तिकिटांचं काय करायचं, भाव वाढतायत. माझी आई माझ्या शेजारी होती. तुला माहिताय, ती चारचौघांत तोंड उघडत नाही. बाळासाहेबांपुढं तर नाहीच.

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मी सोळा दिस लावनी केली, ती पोरींच्या रेल्वेसाटी. तू त्यास्नी इमानात बशीव, माजी ना न्हाई. पन मंग माजे दिस मला माघारी दे."

बाळासाहेबांच्या मालकीणबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, माझेपण. मग ती काकी, सावडीचे पैसे घेतात का म्हणणारी. माझेपण. नदीकाठी, ओल्या केसांनी, एकेक जण. ऋतुजाचा बाप, तुझा भाऊ, मुंडण केलेलं डोकं खाली घालून उभा होता. तो शेवटी म्हणाला, "आक्काचे दिसपन हायेत त्यात."

बाळासाहेब बिचारे गोंधळले. खरंच बिचारे. म्हणाले, "मग मी काय करू? माजी पोर न्हाई का त्यात?" आई म्हणाली, "कापनीला या."

आले ते. पांढऱ्या शर्टात एक दिवस भारे वाहिले आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले. पण दिवस भरला. तू असतीस तर त्यांना मोजे दिले असतेस.

रेल्वेत पोरी झोपल्या, उठल्या, भांडल्या, खिडकीतून शेतं बघून "हितं लावनी कदी करत असतील" म्हणाल्या. दुसऱ्या दुपारी मी कागद लावायला फाइल काढली. बारा संमतीपत्रं. ऋतुजाचं तुझ्या घडीतच होतं. पालकाच्या जागी तिनं तिच्या अक्षरात तुझं नाव लिहिलं होतं आणि खाली तुझी सही. मोठी, ठळक, कुठंही न तुटलेली. ह्या वेळी पेन नीट चाललं होतं.

म्हणजे तुझी पोर कुठंय असं मी तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याच फायलीत पडून होतं. मी माफी मागत नाही. मागायची होती ती तिथं, कट्ट्यावर, तू शेंगा सोलताना. आता कागदावर मागून मला मोकळं व्हायचं नाही.

आणि भांडणही मिटलेलं नाही, हे ऐकून घे. आपण दोन सामने जिंकलो आणि तिसरा हरलो, दोन गुणांनी. ऋतुजा शेवटच्या चढाईत रेषेपासून वीतभर अंतरावर पकडली गेली. पाय धरला, हात नाही. आदल्या दिवशी गाडी सहा तास उशिरा पोचली होती, पोरींच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. विमानानं गेलो असतो तर ती वीत तिनं गाठली असती का? मला वाटतं गाठली असती. तू म्हणशील, न्हाई. मी म्हणेन, तुला कबड्डीतलं काय कळतं. तू म्हणशील, तुला चिखलातलं काय कळतं. मग मी चिडेन. हे रोज चाललंय माझ्या डोक्यात, एसटीत, ऑफिसात, मैदानावर, आणि तू गप्प बसत नाहीस.

आम्ही परत आलो तेव्हा पुणे स्टेशनवर बाराच्या बारा घरची माणसं उभी होती. हरलेल्या संघाला न्यायला. एक बाप पंचांना शिव्या देत होता, एक आई पोरीच्या पोटऱ्या चाचपत होती, आणि हरल्याचा राग बाराही घरांना आला होता. कॅप्टनच्या आईनं तर मलाच विचारलं, शेवटच्या चढाईला ऋतुजाला का पाठवलं. मला इतकं बरं वाटलं, आत्या.

तेवढं झालं. आपल्या गावातल्या बारा पोरी राज्याबाहेर जाऊन खेळून आल्या, आणि प्रत्येकीला तिच्या घरच्यांनी पाठवलं.